जुनी सुई परत मागून घ्या

बाबा गेल्यावर त्यांचा रेकॉर्डचा साठा माझ्याकडे पुण्याला आला. साठ-एक एलपी, म्हणजे मिनिटाला ३३ फेरे घेणाऱ्या मोठ्या रेकॉर्ड, आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, ‘७८’ म्हणतात त्या जुन्या चौदा तबकड्या. त्यात हिराबाई बडोदेकर होत्या, बालगंधर्व होते. बाबा त्या तबकड्या जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून उभ्या ठेवायचे आणि आम्हा मुलांना हात लावू द्यायचे नाहीत. मी तिन्ही गतींचा टर्नटेबल घेतला, त्याला ऑर्टोफॉन कंपनीचं २एम रेड कार्ट्रिज, म्हणजे सुई असलेला पुढचा भाग, बसवून घेतलं. पण वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या एलपी लावल्या की गाण्याआधी चरचर आणि टकटकच ऐकू यायची.

एका ओळखीच्या माणसाने नंबर दिला. ‘घरी येऊन रेकॉर्ड धुतो, मशीन सेट करतो, आवाज एकदम शांत करून देतो.’ सगळे मिळून साडेआठ हजार, रोख.

तो आला. आधी एक एलपी तशीच वाजवून दाखवली, चरचर होतीच. मग पिशवीतून बिनलेबलाची बाटली काढली, फडक्याने रेकॉर्ड पुसली आणि ओली चकचकीत असतानाच परत लावली. खरखर निम्म्याहून कमी! आई आतून बाहेर येऊन उभी राहिली. त्या क्षणी मी त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकला.

फसवणूक नेमकी तिथेच होती, म्हणून ती सविस्तर सांगतो. ओली रेकॉर्ड वाजवली की खरखर कमीच ऐकू येते. खाचेत द्रव असेपर्यंत सुई त्यातून सरकते. पण धूळ गेलेली नसते, ती फक्त भिजलेली असते. द्रव सुकला की तीच घाण, द्रवातल्या उरलेल्या थरासकट, खाचेच्या तळाशी चिकटून बसते. चार दिवसांनी माझ्या एलपी आधीपेक्षा जास्त चरचरू लागल्या आणि प्रत्येक बाजू संपली की सुईच्या टोकावर मेणासारखा गोळा जमू लागला. कुणी असं करून दाखवलं तर तीच रेकॉर्ड दुसऱ्या दिवशी, पूर्ण सुकल्यावर ऐका आणि पैसे त्यानंतरच द्या.

त्याच दिवशी, रेकॉर्ड पुसून झाल्यावर, त्याने भिंगातून सुई पाहिली. ‘साहेब, ही संपली. हीच तुमच्या रेकॉर्ड खरवडतेय.’ माझी सुई जेमतेम ऐंशी तास चालली होती. नीट वापरली तर हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास टिकते, पण मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. त्याने ‘ओरिजिनल डायमंड’ म्हणून दुसरं कार्ट्रिज बसवलं, चार हजार वेगळे घेतले आणि माझं जुनं ‘टाकून देतो’ म्हणत पिशवीत घातलं. डायमंड या शब्दाला भुलू नका. आज अगदी साध्या सुईच्या टोकालाही बहुधा हिराच असतो. फरक टोकाच्या आकारात असतो. २एम रेडचं टोक लंबगोल होतं, त्याने बसवलेलं साधं गोल निघालं. गोल टोक खाचेतले बारीक तपशील नीट उचलत नाही, त्यामुळे वरचे सूर बोथट होतात आणि आवाज ‘शांत’ वाटतो.

नंतर सुई रेकॉर्डवर किती वजनाने टेकते ते मोजायचा छोटा काटा मागवला. ४.७ ग्रॅम! माझ्या जुन्या २एम रेडला १.८ ग्रॅम लागायचं. जास्त दाबली की सुई ओरखड्यावरून उडत नाही, त्यामुळे दाखवताना सगळं छान वाटतं, पण खाच झिजत राहते. तो काटा काही शे रुपयांत मिळतो. टर्नटेबलच्या आधी तो घ्या.

सगळ्यात वाईट ७८च्या तबकड्यांचं झालं. त्या एलपीसारख्या व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, नसतात, लाखेच्या असतात. सुतार फ्रेंच पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो, तीच लाख. त्या बाटलीला स्पिरिटचा वास येत होता. त्याने तबकडी पुसली, फडकं काळं झालं, आणि तो म्हणाला, ‘बघा, किती मळ!’ मीही मान डोलावली. तो मळ नव्हता, ती तबकडीच फडक्यावर उतरत होती. सुकल्यावर पृष्ठभाग राखाडी, मलूल झाला. अशा पाच तबकड्या गेल्या. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल असलेलं काहीही लावू देऊ नका. कुणी बाटली काढली तर आधी आत काय आहे ते विचारा आणि हुंगून बघा.

फोन केला तर ‘जुन्या रेकॉर्ड अशाच वाजतात’ हे एकच उत्तर मिळालं, नंतर फोन लागेना. पावती नव्हती, जुन्या कार्ट्रिजचा फोटोही नव्हता.

एलपी मी आता स्वतः धुतो. डिस्टिल्ड वॉटर, त्यात फोटोवाले फिल्म धुताना शेवटी वापरतात त्या द्रवाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुऊन रात्रभर उभी ठेवायची. लेबल भिजू द्यायचं नाही. बऱ्याच एलपी सावरल्या. खाच झिजलेल्या तीन मात्र तशाच राहिल्या.

उरलेल्या नऊ तबकड्या वाचल्या, कारण त्या संध्याकाळी सहा वाजता लाइट गेली आणि तो ‘उद्या येतो’ म्हणून निघाला. त्या अजून बाबांच्या धोतराच्या तुकड्यांतच आहेत. ७८च्या रुंद खाचेला एलपीची सुई चालत नाही, तिला जवळपास चौपट जाड टोक लागतं. ती सुई हातात येईपर्यंत त्या उघडणार नाही.