सात महिने ड्रोन ऐकतोय, अंगावर काय परिणाम झाला ते सांगतो

ड्रोन म्हणजे उडणारं नव्हे, एकच सूर लांबच लांब धरून ठेवणारं संगीत. आठवड्यातून तीन-चार रात्री, जेवणं आटपली की. जास्त करून फ्रान्सच्या एलियान रादिग यांची 'त्रिलोजी द ला मोर', तीन भाग, जवळपास तीन तास, एआरपी 2500 सिंथेसायझरवर केलेली, ना ठेका ना चाल. पहिल्या आठवड्यात बायकोने दोनदा विचारलं, फ्रीज बिघडलाय का.

हेडफोनवर ऐकू नका. मी दोन महिने तेच केलं, कानशिलं गरम, बाकी शून्य. मग माळ्यावरचे जुने सबवूफरवाले स्पीकर काढले आणि कळलं की ह्यात खोलीचाच निम्मा वाटा आहे. आमची खोली बारा फुटी, 47 हर्ट्झच्या आसपासच्या सुराची अर्धी लाट तीत बरोब्बर बसते, त्यामुळे तेवढा खालचा सूर लागला की भिंतीला टेकून बसल्यावर पाठीत घुमतो आणि मधोमध सरकलं की जवळपास गायबच होतो, मान वळवली तरी वरचे सूर बदलतात.

दुसरं म्हणजे हेलकावे, म्हणजे आवाज लहान-मोठा होत राहणं. 100 आणि 102 हर्ट्झचे सूर एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे येतात, सूर जवळ आले की ते मंदावतात, आणि माझा श्वास आपोआप त्यांच्या मागे जातो. वीसेक मिनिटांत जबडा सैल पडतो, तो दिवसभर आवळलेला असतो हेच मला माहीत नव्हतं. पायाला मुंग्याही यायच्या, मला वाटलं काहीतरी भारी होतंय, पण ते मांडी घालून बसल्यामुळे निघालं :)

तानपुऱ्यासमोर बसलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. किराणा घराण्याचे पं. प्राणनाथ 1970 मध्ये अमेरिकेत गेले आणि तिकडचा ड्रोनवाला ला माँट यंग त्यांचा शिष्य झाला, म्हणजे नातं जुनंच आहे.

आता वाईट. कान सरावतो, आवाज कमी वाटायला लागतो, आपण वाढवत जातो. चौथ्या महिन्यात दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती, डॉक्टरांनी चांगलंच झापलं. 85 डेसिबल आठ तास चालतं, पण दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 91 ला दोनच तास, आणि हे तीन तासांचं! आता हळू लावतो, परिणाम तोच.

झोपेसाठी घेत असाल तर गॅरंटी नाही, मला कधी लागते कधी उलट उडते. आणि खालच्या मजल्यावरच्यांना आधी विचारा, बास स्लॅबमधून जातो. आमच्याकडे फळीवरची एक स्टीलची वाटी ठराविक सुराला नेमकी थरथरायची, तिच्याखाली आता फडकं घातलंय.