जुन्या येझदीचे क्रोम घरी उतरवले : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमची येझदी मोटारसायकल म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातली आहे आणि तिचे बहुतेक आयुष्य रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत गेले आहे. क्रोम स्वतः गंजत नाही, पण त्याच्या थरात बारीक भेगा असतात, खालच्या निकेललाही छिद्रे पडतात आणि तिथून ओलावा लोखंडापर्यंत पोहोचला की मुलाम्याखालून गंज वर येऊन पापुद्रे सुटतात. लेगगार्ड, मागचे कॅरिअर आणि हँडल या तीन वस्तू अशा अवस्थेला आल्या होत्या. उन्हाळ्यात मी त्यांचे क्रोम हायड्रोक्लोरिक आम्लाने उतरवले. आता पूर्ण पावसाळा अंगावर घेऊन झाल्यावर या पद्धतीबद्दल लिहीत आहे.

गाडीच्या शोभेच्या भागांवर क्रोमचा थर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. वस्तूला खरे संरक्षण देणारा निकेलचा थर त्याच्या खाली असतो आणि तो कितीतरी जाड असतो. हे आम्ल क्रोम झपाट्याने विरघळवते आणि निकेलपाशी मंदावते, हीच या पद्धतीची सर्वात मोठी सोय आहे. हार्डवेअरच्या दुकानातील तीव्र आम्ल तेवढ्याच पाण्यात, म्हणजे आधी पाणी घेऊन त्यात हळूहळू आम्ल ओतून, मी जाड प्लास्टिकच्या टबमध्ये वापरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनंतर दुकानदाराला ओळखपत्र पाहून आणि कारण लिहून घेऊनच आम्ल विकावे लागते, त्यामुळे ओळखपत्र सोबत न्यावे.

वस्तू बुडवल्यावर सुरुवातीला थोडा वेळ काहीच होत नाही, कारण क्रोमवर त्याच्याच ऑक्साइडची पातळ साय असते. ती फुटली की संपूर्ण पृष्ठभागावरून बारीक बुडबुडे उसळू लागतात आणि द्रावण हिरवे होत जाते. बुडबुडे ओसरले की वस्तू बाहेर काढून उजेडात धरावी. क्रोमची चमक निळसर असते, निकेलची किंचित पिवळसर. निळी झाक सगळीकडून गेली की काम झाले. त्यानंतरही वस्तू आत ठेवली, तर जिथे निकेल आधीच फुटले आहे तिथे आम्ल सरळ लोखंड खाऊ लागते आणि गंजाचे खड्डे खोल होतात. लेगगार्डच्या वेल्डिंगच्या सांध्यांवर हे विशेष जपावे लागले.

पोकळ नळ्यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. हँडलच्या दोन्ही तोंडांना रबरी बुचे घट्ट बसवल्याशिवाय ते बुडवू नये. आत शिरलेले आम्ल धुऊन निघत नाही आणि नळी आतून कुजत राहते. बाहेर काढल्यावर भरपूर पाणी, मग धुण्याच्या सोड्याचे पाणी, पुन्हा साधे पाणी आणि लगेच कोरडे करून तेलाचा हात, हा क्रम मोडता येत नाही. आमच्याकडच्या दमट हवेत उघड्या लोखंडावर बघता बघता तांबूस छटा चढते. हे काम उघड्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, डोळ्यांवर बंदिस्त गॉगल, हातात लांब रबरी मोजे आणि आम्लाच्या वाफांसाठी असलेला कार्ट्रिज मास्क लावूनच करावे. कापडी मास्कचा येथे काहीही उपयोग नाही. टब हत्यारांजवळ ठेवला तर वाफांनी तीही गंजतात.

काही भाग मी जाणूनबुजून आम्लात घातले नाहीत. जुन्या येझदीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो. रोज ताण सोसणारा असा कठीण पोलादी भाग, चाकाच्या तारा, स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट आम्लात हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकतात आणि पुढे अचानक तुटू शकतात. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर हार्ड क्रोम, म्हणजे शोभेचा नसून झीज सोसणारा जाड थर असतो. त्याची जाडी आणि मापच कामाचे असते, म्हणून त्यालाही हात लावू नये. ज्याला चुंबक चिकटत नाही तो भाग जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असू शकतो, आणि आम्ल तो अख्खाच खाऊन टाकते.

व्हिडिओंमध्ये सर्रास दाखवली जाणारी दुसरी पद्धत, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर जोडून क्रोम उतरवणे, मी वापरली नाही आणि कोणी वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात द्रावण पिवळे होते. तो पिवळेपणा षट्संयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा असतो आणि ते माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले आहे. कारखान्यात त्यावर प्रक्रिया करण्याची यंत्रणा असते. आपल्या परसात विहीर असते.

आम्लाच्या पद्धतीत क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे तुलनेने पुष्कळ कमी घातक रूपात उतरते, तरीही ते पाणी मोरीत ओतण्याजोगे नसते. साधा हिशेब पाहावा : सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाच्या हँडलवर अर्धा मायक्रॉन क्रोम धरले, तर ते जवळपास ०.१८ ग्रॅम भरते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका हँडलवरचे क्रोम साडेतीन हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे, आणि विरघळलेले निकेल वेगळेच. म्हणून वापरलेल्या द्रावणात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालत (फेस जोरात येतो) पीएच (आम्लता मोजणाऱ्या) पट्टीवर साडेआठ ते नऊच्या दरम्यान आणले. हिरवट राखाडी, खळीसारखा गाळ तळाशी बसतो. त्यात ब्लीचिंग पावडर कदापि घालू नये : आम्ल शिल्लक असेल तर क्लोरीन वायू सुटतो, आणि आम्ल मारलेल्या द्रावणात ती त्रिसंयुजी क्रोमियमचे पुन्हा षट्संयुजी रूप करू शकते. गाळ आणि वरचे पाणी दोन्ही मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून, सांडपाणी प्रक्रियेची सोय असलेल्या एका प्लेटिंगवाल्याकडे आधी विचारून पोहोचवले. ही सोय नक्की झाल्याशिवाय आम्लाचा कॅन उघडूच नये.

आता टिकाऊपणाविषयी. लेगगार्डचे गुळगुळीत निकेल इमरी पेपरने खरवडून त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि काळा रंग दिला होता. पावसाळ्यानंतर रंग कुठेही उचललेला नाही; फक्त एका सांध्यापाशी, जिथे मूळचे खड्डे होते, तिथे बारीक फुगवटा दिसतो. हँडलवर पावडर कोटिंग करून घेतले आणि ते अगदी जसेच्या तसे आहे. कॅरिअरवर मात्र केवळ पॉलिश केलेले निकेल ठेवून पाहिले, कारण त्याची मऊ चमक मला मनापासून आवडते. ती आमच्या हवेत टिकली नाही. श्रावण सरेपर्यंत निकेल मंद पिवळट झाले आणि छिद्रांतून गंजाचे ठिपके वर आले. समुद्रापासून दूर, कोरड्या हवेत त्याचा निभाव जास्त लागेल असे वाटते.

ज्या भागाला रंग किंवा पावडर कोटिंग द्यायचे आहे, त्याच्यासाठी ही पद्धत मी पुन्हा वापरेन. पुन्हा क्रोमच चढवायचे असेल तर घरी उतरवण्यात अर्थ नाही, कारण प्लेटिंगवाल्याला निकेलही काढून नव्याने चढवावे लागते आणि त्याच्याकडे दोन्हींची सोय असते. रिमा आणि सायलेन्सर मी त्याच्याकडेच, आहेत त्या क्रोमसकट देणार आहे. कॅरिअर आता पावडर कोटिंगला गेले आहे.