ओम्नीला जुना गिअरबॉक्स: बसवण्याआधी काय तपासलं, नंतर काय निघालं

आमच्या केटरिंगच्या ओम्नीला जुना गिअरबॉक्स बसवून पावसाळा आणि हिवाळा दोन्ही उलटले. पातेली-शेगड्या लादून आंबा घाट कितीदा तरी चढली-उतरली. गिअर सुटत नाही, घरघर नाही, खाली तेलाचा थेंब नाही. एक खोड आहे, ती पुढे सांगतो. माझं मत स्पष्ट आहे: जुना गिअरबॉक्स घ्यायला हरकत नाही, पण दुकानदार तो जमिनीवर ठेवून अर्धा तास हाताने फिरवू देत असेल आणि तेलाचा बोल्ट उघडू देत असेल तरच. नंतर खराब निघाला तर दुकानदार फार तर बदलून देतो. उतरवायची आणि परत चढवायची मजुरी आपल्याच खिशातून जाते.

आधीच्या पेटीचा, म्हणजे गिअरबॉक्सचा, तिसरा गिअर उतारावर सुटायचा. इतकी वर्षं माल वाहिल्यावर झीज होणारच. पण घाटात अॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर न्यूट्रलला आला की इंजिनमुळे गाडीला लागणारा रोध संपतो आणि भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरते. मागे माणसं बसलेली असताना हे चालवून घेण्यासारखं नव्हतं.

भंगारच्या दुकानात उद्यमनगरातले आमचे मिस्त्री सोबत होते. दोन पेट्या पुढे आल्या. एक डिझेलने धुऊन चकचकीत केलेली, आतून कोरडी. दुसरी चिखलाने माखलेली, पण तेलासकट. मिस्त्री म्हणाले, "धुतलेली राहू दे. आधी तेल बघू, मग भाव." याचं कारण फार महत्त्वाचं आहे. पेटीच्या आत काय झालंय हे तेलच सांगतं. बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा दातांचे तुकडे असतील तर तिथेच नमस्कार करायचा. तेलात सोनेरी चमक दिसली तर सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगा खाल्ल्या गेल्यात, आणि तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. आमच्या पेटीत लेप होता आणि अगदी बारीक सोनेरी झाक होती. ती झाक लक्षात ठेवा.

मग फिरवणं. न्यूट्रलमध्ये इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनकडचा पुढचा दांडा, सहज फिरला पाहिजे. मग एकेक गिअर टाकायचा आणि मागचा शाफ्ट किती फिरतो ते बघायचं. चार गिअरच्या या पेटीत चौथ्याला पुढचा एक फेरा म्हणजे मागचाही एकच. पहिल्याला मागच्या एका फेऱ्यासाठी पुढचा तीनच्या वर फिरवावा लागतो. रिव्हर्सला मागचा उलटा फिरतो. सगळे गिअर खरंच लागतात का, हे असं कळतं. फिरवताना दर फेऱ्याला त्याच जागी कट्ट झालं तर दात तुटलाय किंवा बेअरिंगला खड्डा पडलाय. आणि ज्या कामासाठी मी आलो होतो ते: प्रत्येक गिअर टाकून मागचा शाफ्ट दोन्ही बाजूंना जोरात हिसकायचा. गिअर आत बसताना खट्ट लागलं पाहिजे आणि हिसक्याने तो बाहेर सरकता कामा नये. तिसऱ्याला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला.

इनपुट शाफ्टचं टोक बाजूला किंचित हलतं, त्याला घाबरू नका. गाडीत ते टोक क्रँकच्या मागच्या बेअरिंगमध्ये टेकलेलं असतं. पुढे-मागे जास्त सरकत असेल तर मात्र बेअरिंग गेलंय. मागच्या बाजूसाठी स्वतःच्या गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचा (पेटीपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) योक, म्हणजे पेटीत शिरणारं टोक, सोबत न्यावा. तो आत घालून वर-खाली हलवला की बुश, म्हणजे त्या टोकाला आतून धरणारी कडी, किती झिजलाय ते हाताला कळतं. तो सैल असेल तर नवं सीलसुद्धा फार टिकत नाही. बेलहाऊसिंगच्या (इंजिनला जोडणाऱ्या पुढच्या कवचाच्या) बोल्टच्या कानांना तडा किंवा वेल्डिंग आहे का, तेही टॉर्चने बघा.

एक प्रश्न बरेच जण विचारतात: मारुती ८०० चं इंजिनही ओम्नीसारखं ७९६ सीसीचंच, मग तिची पेटी चालेल का? नाही. ओम्नी मागच्या चाकांवर चालते. ८०० पुढच्या चाकांवर चालते, तिच्या पेटीतच डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारा भाग) असतं. बिल मात्र जरूर घ्या. आरसीवर इंजिन आणि चेसिसचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे माल कुठून आला याचा तेवढाच कागद आपल्या हातात राहतो.

चढवताना पुढचं-मागचं सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीन टाकलं. हा खर्च वाचवू नये, कारण एवढ्यासाठी पेटी पुन्हा उतरवणं परवडत नाही. ब्रीदर, म्हणजे पेटीतली हवा बाहेर सोडणारं भोक, तारेने साफ केला. तो तुंबला की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. तेल जीएल-४ दर्जाचं (गिअर तेलाचा एक दर्जा) भरलं, कारण काही जीएल-५ तेलं पितळी रिंगांना चांगली नसतात. थोडं चालवून झाल्यावर ते तेल एकदा बदललं. चुंबकावर पुन्हा तोच मऊ लेप, कण नाहीत. तेव्हा खरा जीव भांड्यात पडला.

आता ती खोड. थंडीत सकाळी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना कर्र होतं. तेल गरम झालं की जातं. तेलातली ती सोनेरी झाक याचीच खूण असावी. सिंक्रोची झीज जमिनीवर हाताने फिरवून सापडत नाही, कारण तिथे दोन शाफ्टच्या वेगात फरकच नसतो. रिंग बदलायची तर पूर्ण पेटी खोलावी लागेल. मिस्त्री म्हणतात, सकाळी दुसऱ्यात येताना डबल क्लच करा (न्यूट्रलला थांबून क्लच दोनदा दाबा) आणि चालवत राहा. तसंच करतोय. तिसरा गिअर घाटात धरून राहतो, आणि मला तोच हवा होता.