करवंदं सड्यावरची की पऱ्याकाठची? वर्षभराच्या सरबतासाठी कुठली काढायची

मे महिना आला की गावी जाणाऱ्या दोनतीन जणांचा मला हमखास फोन येतो, की दोनच दिवस हातात आहेत, तर करवंदं वर सड्यावर जाऊन काढू की खाली पऱ्याकाठचीच काढू, ती जवळ पण पडतात आणि टपोरी पण आहेत. मी दोन्हीकडची काढून दोन्हीचं सरबत करून बघितलंय, एकदा नाही, चारपाच वर्षं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. घराच्या वरच्या अंगाला कातळ, त्यालाच आम्ही सडा म्हणतो, आणि खालच्या अंगाला पऱ्या, म्हणजे ओढा. मध्ये पंधरा मिनिटांची चढण. म्हणजे फळ एकच, दोन्हीकडे रानातलंच, कोणी खत घातलेलं नाही की पाणी दिलेलं नाही, पण जाळी कुठे उभी आहे त्यावर फळात इतका फरक पडतो की डोळे मिटून खाल्लं तरी कळतं.

सड्यावर जांभा दगड, काही ठिकाणी वीतभर सुद्धा माती नाही, पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो पण तो सगळा वाहून जातो आणि जानेवारीनंतर तिथे पाण्याचा टिपूस नसतो, करवंदाची मुळं दगडाच्या भेगांतून जे मिळेल त्यावर जगतात. फळ बारीक, गर कमी, बी जास्त. पऱ्याकाठी उलट. किंजळ, ऐन, रायवळ आंबे यांची सावली, खाली चांगली माती, मार्चपर्यंत ओल. फळ दीडपट मोठं, साल पातळ, रस भरपूर. नुसतं हातात घेऊन बघितलं तर कोणीही पऱ्याकाठचंच उचलेल, मीही पहिली दोन वर्षं तेच केलं.

पण लहानपणी आपण सगळे खेळलोय तो खेळ आठवा, कोंबडा की कोंबडी. करवंद दाताने फोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. मी दोन्हीकडची दहा-दहा फोडून बघितली, सड्यावरची सातआठ तरी कोंबडा निघतात, पऱ्याकाठची बाहेरून काळीभोर असली तरी निम्म्याहून जास्त कोंबडी. ही काही प्रयोगशाळा नव्हे हे मला कळतं, पण हा खेळ ज्या रंगावर चालतो तो रंग म्हणजेच अँथोसायनिन, ज्यासाठी आजकाल लोक बाहेरून आलेल्या ब्लूबेरीला एवढे पैसे मोजतात. झाड हा रंग तयार करतं त्यात उन्हाचा हात मोठा असतो. व्हिटॅमिन सीचंही साधारण तसंच, वाढताना फळाला आणि आसपासच्या पानांना ऊन चांगलं मिळालं तर ते जास्त तयार होतं. आणि पाणी जास्त मिळालं की फळ फुगतं, आतला मालमसाला मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, मग चव पांचट लागते.

इथे सड्याच्या बाजूने फार ताणणंही बरोबर नाही. ऊन चांगलं, पण नुसता तडाखा चांगला नाही, उष्णता फार वाढली की हाच रंग आणि हेच व्हिटॅमिन सी कमी व्हायला लागतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात रात्री सुद्धा गार होत नाही. त्यामुळे आंबोलीसारख्या घाटमाथ्यावरची, दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळालेली करवंदं कदाचित आमच्या सड्यावरच्यांपेक्षाही सरस असतील. मला खायला तरी ती जास्त भरीव लागली.

आणि सगळंच जागेवर ढकलता येत नाही. करवंदाच्या बिया पक्षी आणि कोल्हे पसरवतात, प्रत्येक जाळी वेगळ्या बीची, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन जाळ्यांची चव सुद्धा सारखी नसते. तिकडे फिनलंड-स्वीडनमध्ये रानातल्या बिलबेरीवर, म्हणजे ब्लूबेरीच्या रानटी बहिणीवर, बराच अभ्यास झालाय, उत्तरेकडच्या झाडांच्या फळात अँथोसायनिन जास्त सापडतं, आणि ती झाडं दुसरीकडे नेऊन लावली तरी फरक बऱ्यापैकी टिकतो, म्हणजे थोडं वाणाचं, थोडं जागेचं. म्हणून सड्यावर गेलात तरी समोर दिसेल त्या जाळीवर तुटून पडू नका, आधी दोनतीन फळं फोडून बघा.

अजून एक, कातळ लाल म्हणजे लोह भरपूर, म्हणून सड्यावरच्या करवंदात लोह जास्त, असं बरेच जण सांगतात. यावर जाऊ नका. जांभ्यातलं लोह गंजासारखं घट्ट बांधलेलं असतं, झाडाला ते सहज उचलता येत नाही, दगड लाल म्हणून फळात लोह असा सरळ हिशोब नसतो. शिवाय लोहाचे जे मोठमोठे आकडे फिरत असतात ते सुकवलेल्या करवंदाचे तर नाहीत ना ते बघा, पाणी उडालं की 100 ग्रॅममागे सगळंच जास्त दिसतं.

आता माझा निर्णय ज्याने झाला ती गोष्ट. चीक.

सावलीतल्या जाळीचा घोस एकसारखा पिकत नाही. वरचं फळ काळं, बाजूचं तांबडं, मागचं अजून हिरवं, आणि काळी दिसणारी पण देठाकडून कच्ची असतात, ओढून तोडावी लागतात, तोडलं की देठाशी पांढरा थेंब. एका वर्षी मी पऱ्याकाठची चारेक किलो काढली, बोटं एकमेकांना चिकटायला लागली, खोबरेल तेल चोळून सोडवली. रस गाळताना फडक्याला चीक, पातेल्याला रसाच्या पातळीवर रबरासारखं कडं बसलं ते दोन दिवस घासत होतो, आणि सरबतात बारीक बारीक गोळ्या. त्या गाळून काढता आल्या, पण घोट घेतल्यावर मागून घशाला जी तुरट-कडसर पकड बसायची ती काही गेली नाही. काकीने चमचाभर चाखलं आणि म्हणाली, "अरे ही पिकलीच नव्हती रे, नुसती काळी दिसत होती." आख्ख्या बाटल्या पडून राहिल्या, मुलांनी एकदा पिऊन परत मागितलं नाही, साखर जास्त घालून बघितली तरी.

सड्यावर जाळीला चारी बाजूंनी ऊन, घोस आठदहा दिवसांत बराचसा एकदम तयार होतो, पिकलेलं फळ नुसता हात लावला की तळहातात पडतं, देठ मागे राहतो, चीक नावाला. बरं, पऱ्याकाठची पूर्ण पिकेपर्यंत थांबावं म्हटलं तर तोवर वळवाचा पाऊस गाठतो, फळं फुगून तडकतात.

सड्यावरची अडचण म्हणाल तर आहे. ऊन लागतं, तेवढाच रस काढायला जवळपास दीडपट फळं लागतात, आणि फुरसं, म्हणजे विषारी साप. जाळीत हात घालण्याआधी काठीने हलवून बघा, पायात बूट हवेतच, हे मी मनापासून सांगतोय. सकाळी सहाला निघा, नऊपर्यंत परत या. डांबरी रस्त्याकडेच्या जाळ्या सोडा, धूळ धुवून पूर्ण जात नाही. बादलीत भरू नका, खालची चेपतात, पसरट टोपली न्या, आणि रस त्याच दिवशी काढा, स्टीलच्या पातेल्यात, फार न उकळता, कारण व्हिटॅमिन सी उष्णतेने आणि ठेवून ठेवून दोन्हीने जातं.

बागेतली मोठी करवंदं, म्हणजे दापोली विद्यापीठाची कोकण बोल्ड वगैरे, लोणच्याला छान आहेत, सरबताला मी वापरत नाही.

पऱ्याकाठच्या जाळ्या आम्ही सोडलेल्या नाहीत. त्यांची आता एप्रिलमध्येच हिरवी काढतो, चिरून मिठाच्या पाण्यात घातली की चीक बराच सुटतो, गर जाड असल्यामुळे लोणचं सड्यावरच्यापेक्षा उजवं होतं. जेली करायची असेल तर तिथलीच अर्धकच्ची मूठभर सड्यावरच्या पिकलेल्यांत मिसळा, कच्च्यात जेली घट्ट करणारं पेक्टिन जास्त असतं, छान धरते.