यीस्ट ओळखून देणारी सिक्वेन्सिंग सर्व्हिस : सिक्वेन्स झकास, रिपोर्ट टुकार

३.५ स्टार, आणि तेही सगळे लॅबच्या कामाचे. गोव्यात आगरवाड्याच्या मिठागरातल्या मातीतून काढलेली यीस्टं होती, १५ टक्के मिठाच्या प्लेटवर आरामात वाढणारी (समुद्राच्या पाण्यात साडेतीनच टक्के असतं, म्हणजे बघा), ती स्लँटवर (ट्यूबमधल्या तिरक्या आगरवर वाढवून) एका प्रायव्हेट लॅबला कुरिअर केली. नाव मुद्दाम टाकत नाही.

आधी चांगलं सांगतो. काळ्या यीस्टचा डीएनए काढणं म्हणजे डोकेदुखी, मेलॅनिनने भरलेली जाड भिंत साध्या किटला दाद देत नाही आणि तेच मेलॅनिन पुढे पीसीआरपण (डीएनएच्या प्रती काढणं) अडवतं. यांनी मणी घालून पेशी फोडल्या, जास्तीचे पैसे न मागता, आणि आयटीएस (बुरशीची जात ओळखायला वाचतात तो डीएनएचा तुकडा) इतका स्वच्छ आला की हॉर्टिया वर्नेकीबद्दल वादच उरला नाही. स्लोव्हेनियातल्या मिठागरांमुळे गाजलेलं हेच ते, जवळपास संपृक्त मिठातही जगतं.

आता रिपोर्ट. क्रीम रंगाच्या कॉलनीला 'डेबॅरिओमायसिस हॅन्सेनी, ९९ टक्के मॅच' छापलं, खाली शिक्का, झालं. ९९ बघून माणूस खूश होतो पण डी१/डी२ चा तुकडा (यीस्टची जात ओळखायचा दुसरा डीएनएचा तुकडा) जेमतेम ६०० बेसचा, म्हणजे ६०० अक्षरांचा, म्हणजे १ टक्का झाले ६ बेस, आणि यीस्ट वर्गीकरणवाल्या कुर्ट्झमन-रॉबनेटच्या १९९८ च्या पेपरपासून ठोकताळा असा की एका जातीत ३ पर्यंत फरक चालतो, ६ किंवा जास्त असले तर बहुधा जातच वेगळी. म्हणजे हे जिथे ओळख पटली म्हणतात तिथेच तर शंका सुरू होते! एबी१ फाइल (सिक्वेन्सरचा कच्चा आलेख, दर बेसला एक पीक म्हणजे शिखर) उघडली तर थोडे फरक टोकाच्या गचाळ पीक्समधले निघाले, बाकीचे मात्र मधोमध, पीक एकदम सुईसारखे, म्हणजे फरक खरे.

टाइप स्ट्रेनशी (जातीच्या अधिकृत नमुन्याशी) ताडून द्या असा मेल टाकला तर उत्तर काय, 'फॉरमॅट फिक्स आहे'. अहो मग पैसे कसले घेता? त्यात हॅन्सेनी आणि डेबॅरिओमायसिसचीच दुसरी जात फॅब्रियी इतक्या जवळच्या की डी१/डी२ वर भागत नाही, अ‍ॅक्टिन जीन लावावा लागतो, तो यांच्या यादीतच नाही.

सिक्वेन्सिंगला बिनधास्त पाठवा, रिव्हर्स रीडचे (तोच तुकडा उलट्या बाजूने वाचायचे) वेगळे पैसे पडले तरी घ्या, टोकं सुधारतात. आयडेंटिफिकेशनचं पॅकेज मात्र नको, ब्लास्ट (सिक्वेन्स डेटाबेसशी जुळवणारं ऑनलाइन टूल) फुकट आहे, टाइप मटेरियलचा फिल्टर लावून स्वतःच करा. आणि स्लँटऐवजी पेशींचं पेलेट (सेंट्रिफ्यूजने तळाशी बसवलेला गोळा) पाठवणार असाल तर मीठ नीट धुवा, नाहीतर पीसीआर बसलाच.