मारुती मंदिराजवळचे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान : एक अनुभव

विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर तिच्या जोडीला उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्याचा माझा घरचा प्रयत्न फसला, कारण इन्स्टॉलरला लॅपटॉपमधली एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी डिस्क, दिसतच नव्हती. म्हणून रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका लहानशा दुकानात तो नेला. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, स्टोरेज इंटेल आरएसटी या पद्धतीवर असल्यानेच ती दिसत नसल्याचे दुकानदारांनी दाखवले आणि ते थेट एएचसीआय या उबुंटूला चालणाऱ्या पद्धतीवर नेल्यास विंडोज सुरू होणार नाही म्हणून आधी सेफ मोडची, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होण्याची, तजवीज केली. त्याहीआधी डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की त्यांनी मला वहीत उतरवून घ्यायला लावली, ही खबरदारी मला सर्वांत मोलाची वाटली. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने, बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या विभागणीला, हात लावायचा नाही, हा त्यांचा हट्टही पटला.

घरी आल्यावर मात्र विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले, कारण उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक समजते. फोनवर त्यांनी सांगितलेल्या एका कमांडने ते जुळले. तरी एवढे दुकानातच तपासायला हवे होते.