जुना बीएस-३ ट्रक: घाटातले तापणे, काळा धूर आणि दुरुस्तीनंतरचा अनुभव

२०१२ सालचा, बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाचा, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) आणि इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी) असलेला, यांत्रिक इंधनपंपाचा आमचा सहा चाकी ट्रक रत्नागिरीकडच्या चिरेखाणींवरून जांभा भरून आंबा घाटाने कोल्हापूरला येतो आणि परतताना पशुखाद्य किंवा सिमेंट घेऊन खाली उतरतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात साखरपा सोडून निम्मा घाट चढेपर्यंत तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकू लागला आणि त्याच सुमारास पीयूसीच्या चाचणीत गाडी नापास झाली. दिवाळीनंतर रेडिएटरची नवी तांबे-पितळी जाळी, व्हिस्कस फॅन (इंजिन तापल्यावरच जोरात फिरणारा पंखा), थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप), तयार कूलंट (रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी घालायचा द्रव) आणि हवेच्या मार्गाची दुरुस्ती अशी कामे टप्प्याटप्प्याने करून घेतली. त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा गाडी भरलेल्या मालाने चालली असल्यामुळे कशाचा किती उपयोग झाला, हे आता खात्रीने लिहिता येते.

तापणे हे रेडिएटरवाल्याचे काम आणि धूर हे इंधनपंपवाल्याचे, अशी वाटणी बहुतेक गॅरेजांत ठरलेली असते. आमच्या गाडीत मात्र दोन्ही तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी एकच निघाले, ते म्हणजे इंजिनाला हवा कमी मिळत होती. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीला खालच्या वळणावर बोटाच्या पेराएवढी चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली असे, त्यामुळे डोळ्यांनी पाहून कोणालाच सापडली नाही. शेवटी नळीचे तोंड बंद करून आत कॉम्प्रेसरची बेताची हवा भरली आणि वरून साबणाचे पाणी सोडले, तेव्हा वळणाच्या पोटाकडून फेस येऊ लागला. घाटात टर्बोचा दाब वाढला की ही चीर उघडायची, हवा बाहेर जायची आणि पंप मात्र डिझेल पूर्वीइतकेच देत राहायचा. अपुऱ्या हवेत डिझेल अर्धवट आणि उशिरा जळते, त्याचा काळा धूर होतो, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि ती उष्णता इंजिनाच्या हेडमधून (वरच्या भागातून) पाण्यात उतरते.

दुसरे कारण चिरेखाणीच्या तांबड्या धुळीचे होते. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो आणि दोहोंमधली फट इतकी अरुंद असते की पुढून पाण्याचा फवारा मारल्यावर दिसणारा भाग स्वच्छ होतो, पण फटीतला थर तसाच राहतो. आम्ही दोन्ही वेगळे केले तेव्हा रेडिएटरच्या खालच्या भागावर तेलाचा अंश आणि धूळ मिळून वाळलेल्या शेणासारखी घट्ट पापडी जमलेली आढळली. ती भिजवून, ब्रशने सैल करून इंजिनाच्या बाजूने पुढे असे पाणी मारावे लागले, आणि तेही बेताच्या दाबाने, कारण जोरदार फवाऱ्याने पत्र्याच्या पातळ पाती वाकल्या तर हवेची वाट कायमची बंद होते. सगळ्या कामांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी काम हेच ठरले, असे माझे मत आहे.

रेडिएटरच्या नळ्यांत मात्र खरोखरच क्षार साचले होते. वर्षानुवर्षे ढाब्यावरच्या बोअरचे पाणी घातल्यावर दुसरे काय होणार? वरची टाकी उघडून नळ्यांमधून सळ्या फिरवून घेण्याचा सल्ला एका कारागिराने दिला होता, परंतु मधल्या नळ्या इतक्या झिजल्या होत्या की सळईने त्या फुटण्याचीच शक्यता अधिक होती. म्हणून जुन्या टाक्या ठेवून नवी जाळी झाळून घेतली. खर्च बराच आला, तरी आजवर एकाही सांध्यातून पाणी आलेले नाही. इन्फ्रारेड तापमापकाने रेडिएटर तपासणाऱ्यांसाठी एक सूचना करावीशी वाटते: चकचकीत पितळेवर हे यंत्र फारच कमी आकडा दाखवते. टाकीवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर नेम धरल्यास वाचन विश्वासार्ह मिळते.

थर्मोस्टॅटबद्दल अधिक स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. "गाडी तापते ना, मग थर्मोस्टॅट काढून टाका," हे वाक्य महामार्गावरच्या कोणत्याही गॅरेजात ऐकायला मिळते, आणि आमच्या गाडीतलाही आधीच्या मालकाने काढून टाकलेला होता. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, त्यांत तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात फिरत राहतो आणि घाटात गाडी उलट अधिक तापते. सपाटीवर, विशेषतः पावसाळ्यात, तेच इंजिन थंड राहते, डिझेल नीट जळत नाही आणि धूर वाढतो. ८२ अंशांच्या आसपास उघडणारा नवा थर्मोस्टॅट भांड्यातल्या गरम पाण्यात टाकून, उघडताना पाहून मगच बसवला.

व्हिस्कस फॅनबाबत माझे समाधान अर्धेच आहे. जुन्यातले सिलिकॉन तेल गळून गेल्यामुळे तो गरम इंजिनावरही हाताने सहज फिरत होता, तेव्हा बदलणे भागच होते. नवा फॅन पकडतो (पूर्ण जोरात फिरू लागतो) तेव्हा एवढा घोंघावतो की आमचे चालक दादा पहिल्या आठवड्यात दोनदा गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडून बसले. शिवाय त्याची बाजारातली किंमत आणि आतला माल यांचा मेळ मला लागलेला नाही. कूलंटबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे: तयार मिश्रण घातले, रंग अजून स्वच्छ आहे, फक्त सुरुवातीला जुन्या क्लिपांमधून ते पाझरले आणि सर्व क्लिपा बदलाव्या लागल्या.

सर्वांत शेवटी इंधनपंप आणि नोजल (इंजिनात डिझेल फवारणारी तोंडे) बेंचवर तपासले. ताकद यावी म्हणून कोणीतरी पंपाचे डिझेल वाढवून ठेवले होते, ते कंपनीच्या मापावर आणले. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांसाठी धुराच्या अपारदर्शकतेची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक, म्हणजेच प्रतिमीटर २.४५ आहे. पूर्वी त्या मर्यादेच्या पुढे गेलेली आमची गाडी आता १.७ च्या आसपास राहते. अर्थात ही चाचणी गाडी उभी ठेवून, भाराशिवाय, ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून घेतली जाते, त्यामुळे केंद्रावर पास झालेली गाडी घाटात काळा धूर सोडणारच नाही, असे समजू नये. आमची सोडत नाही, हे आरशात पाहून सांगतो.

डिझेल कमी केल्याने चढावर एक गिअर खाली उतरावे लागते आणि माथ्यावरच्या आंबा गावापर्यंत पोहोचायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, ही चालकाची तक्रार खरी आहे. काटा आता मध्याच्या थोडा वर थांबतो. एप्रिलच्या दुपारी एखाद्या रखडणाऱ्या ट्रेलरच्या मागे अडकल्यास मात्र तो अजूनही वर सरकतो, आणि अशा वेळी वळणावर जागा पाहून थांबावे, इंजिन बंद न करता न्यूट्रलमध्ये किंचित वाढलेल्या फेऱ्यांवर ठेवावे, असे चालकाला सांगून ठेवले आहे. इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण कोणीही उघडायचे नाही. येत्या पासिंगपूर्वी वॉटर पंप आणि वरची होज बदलण्याचा विचार आहे, कारण पंपाच्या खालच्या छिद्राशी कूलंटचा हिरवट डाग दिसू लागला आहे.